जायला अडीच, यायला वीस

६ फेब्रुवारी

विहीणबाई,

तर सगळ्यात आधी आली ती समोरची इस्त्रीवाली. टॅक्सीचं इंजिन गार व्हायचं होतं, तुमचे जावई अजून पेट्या उतरवत होते, आणि ही हजर, हातात कुणाचा तरी अर्धा इस्त्री झालेला सदरा. म्हणे सहज आले. सहज आलेलं माणूस सदरा खाली ठेवून येतं. तिच्या पाठोपाठ खालचे शिंपीमास्तर, गळ्यात टेप तशीच. त्यांनी आल्या आल्या नुसत्या नजरेनं आपल्या भिंगरीचं माप घेतलं आणि सांगितलं की पोरगी उंच होणार, फ्रॉकला खाली कापड दुमडून ठेवावं लागेल. त्यांना माणूस मापाशिवाय दिसतच नाही. मी इतकी वर्षं त्यांची काजं-बटणं करते, पण मला अजून बाई म्हणून नाही, छातीचा घेर म्हणूनच ओळखतात बहुतेक.

आणि आपली नात. नाव भिंगरी ठेवलंत, पण त्या दिवशी बापाच्या पायांमागे नुसती खिळून उभी. हळूच विचारते, ही फोनमधली आजी का? मी म्हटलं, हो बाई, तीच. तर ती खाली वाकली, माझ्या पावलांकडे कितीतरी वेळ बघत राहिली आणि बापाला म्हणाली,

"बाबा, आजीला पाय आहेत."

इस्त्रीवालीनं हसून हसून सदऱ्याचा बोळा केला. मीही हसले. पण मग दुसऱ्या दिवशी काज करताना तेच डोक्यात घुमायला लागलं. पोरीची काय चूक? जन्मल्यापासून तिनं मला खांद्यापर्यंतच पाहिलेली. तिला वाटलं, आजी म्हणजे इतकीच असते.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. पोरीनं माझा बटणांचा डबा पालथा केला, रंगाप्रमाणे लावला, मग आकाराप्रमाणे लावला, मग परत पालथा केला. जिन्यावरून मास्तरांच्या दुकानात आणि दुकानातून जिन्यावर. काल गेली. मशीन थांबल्यावर कानात उगाच आवाज राहतो ना, तसं घर झालंय.

आता मुद्द्याचं. फोनवर हे बोलता येत नाही, तुमच्याकडे फोन कायम मोठ्यानं लावलेला आणि भोवती चार कान. लेक जाताना तिकिटाचा एक जादा कागद फळीवर विसरला. मी चौथीपर्यंतच शिकले, अक्षरं जुळवायला मला वेळ लागतो, पण आकड्यांत मला कुणी फसवायचं नाही. टेपवर जन्म गेलाय. तर त्यावर छापलंय, इथून सकाळी दहा दहाला उडणार आणि त्याच तारखेला बारा चाळीसला तुमच्याकडे उतरणार. मी दोनदा बोटं मोजली. अडीच तास!

येतानाचं बघा आता. तुमच्याकडून दुपारी तीनला निघाले ते इथे दुसऱ्या दिवशी साडेअकराला टेकले. वीस तासांच्या वर. पोरगी आली तेव्हा एवढी मलूल का होती ते कळलं. मास्तरांना विचारलं, एकाच वाटेला जायला अडीच आणि यायला वीस कसे? ते म्हणाले त्यात काय, त्यांचं सायकलवर रोज तेच होतं, दुकानाकडे उतार आणि घराकडे चढ, वर वाराही असणार. मला पटलं. तुमच्याकडचं घड्याळ आमच्यापेक्षा मागे असतं, हे काही मला ठाऊक नाही असं नाही. मी दिवे लावायच्या वेळी फोन करते तेव्हा तुम्ही कुठे दात घासत असता. पण ते तुमच्या भिंतीवरच्या घड्याळाचं झालं. विमान काही तुमच्या भिंतीवर टांगलेलं नाही.

माझं पोट तुम्हाला माहीत आहे. बहिणीकडे बसनं तीन तास. तेवढ्यापर्यंत मी माणूस असते, तिथून पुढे माझं गाठोडं होतं. लेक दर वेळी म्हणायचा, आई, लांबचा प्रवास आहे, तुला झेपणार नाही, आणि मी मान डोलवायचे. भिंगरी झाली तेव्हा त्या पायीच आले नाही. आणि हे निघाले अडीच तास! बहिणीपेक्षा जवळ! अहो, तुमची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात परदेशचे फोन जोडण्यात गेली, तुम्हाला तरी हे माहीत असणार. मग बोलला का नाहीत? की विहीण आली तर नातवंडं वाटून घ्यावी लागतील, म्हणून?

असो. एप्रिलात सूनबाईचे दिवस भरतात. मी येते. लेकाला फक्त तेवढंच सांगा. अडीच तासांचं त्याच्याजवळ काढू नका, इतकी वर्षं लांब लांब का म्हणत होता ते मला त्याला समोर बसवून विचारायचंय.

या बाळाला मी पहिल्या दिवसापासून पायांसकट भेटणार.

तुमची विहीण


२० फेब्रुवारी

विहीणबाई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा उभ्यानं, लिफ्टपाशी, आणि मग वर येऊन खुर्चीवर बसून.

तिकिटावर छापलंय ते अगदी बरोबर आहे. दहा दहाला तिकडून निघतं, बारा चाळीसला इकडे उतरतं. त्यात एका मिनिटाची चूक नाही. मी वेगळं काय सांगणार?

नातवंडं वाटून घ्यायची माझी तयारी आहे. तुम्ही रडणारी घ्या, मी झोपलेली घेते.

जावईबापूंना मी तुम्ही येताय एवढंच सांगितलं. ते म्हणाले, आईला झेपायचं नाही. मी म्हटलं, ते आईला ठरवू द्या. त्यावर ते तिकिटं शोधायला बसले. भिंगरीनं शाळेत बाईंना सांगून टाकलंय की तिची पाय असलेली आजी येणार आहे. बाईंनी मला फाटकापाशी गाठून अगदी हळू आवाजात विचारलं की आजींना काही अपघात वगैरे झाला होता का.

थोड्या सूचना. चपला सैल घ्या, विमानात पाय सुजतात. कडेची जागा मागा आणि अधूनमधून उठून फिरा. झोप आली तर झोपा, उशी लहान देतात, शाल गुंडाळून डोक्याखाली घ्या. जेवण देतील ते खा, दोन्ही वेळचं.

इकडे मी बरी आहे. सकाळी हे दोघं आपापल्या कामावर, पोरगी शाळेत. सहाव्या मजल्यावर मी आणि भिंतीवरचं घड्याळ. लिफ्टमध्ये आरसा आहे, खाली कपडे धुवायला जाताना त्याच्याशी चार शब्द बोलून घेते, परवा शेजारच्या माणसानं ऐकलं आणि तो जिन्यानं गेला. लेकीची पावलं सुजलीयत, पण डॉक्टर म्हणतात काळजी नाही. डॉक्टरांचं काय जातं म्हणायला. भिंगरीच्या वेळी दवाखान्यातल्या त्या बाकावर मी एकटी बसले होते, जावई आतबाहेर करत होते, आणि मला वाटलं होतं की शेजारी तुमचं ते टोमणे मारणारं तोंड असतं तर बरं झालं असतं. हे मी पुन्हा म्हणणार नाही, तेव्हा एकदाच नीट वाचून घ्या.

या.

तुमची विहीण


९ मार्च

विहीणबाई,

तिकीट आलं! तीन एप्रिल, दहा दहा ते बारा चाळीस, आकडे तेच, मी पडताळून बघितले. तुमच्या जावयानं फोनवर पाव तास मला समजावलं की आई, खूप वेळ बसावं लागेल, नीट विचार कर. मी नुसतं हं हं केलं. समजावू दे बिचाऱ्याला, बापाचं वळण आहे, तेही भाजी आणायला निघाले तरी निरोप घेऊन निघायचे.

लेकानं सात वर्षांपूर्वी काढून दिलेला पासपोर्ट गादीखाली कोरा पडून होता. तो घेऊन मास्तरांबरोबर शिक्क्याच्या ऑफिसात गेले. ही एवढी रांग. काचेमागच्या बाईनं विचारलं, कशासाठी जाताय? मी म्हटलं, पाय दाखवायला. ती उठली आणि काचेवरून वाकून खरंच माझे पाय बघायला लागली. म्हणाली, उपचार इथे होत नाहीत का? मग मी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं, भिंगरी, फोन, सगळं. मागच्या रांगेनंही ऐकलं. एक जण म्हणाला, आजी, जरा आवरा. दुसरी म्हणाली, अहो सांगू द्या, पुढे काय झालं? शिक्का मिळाला.

गल्लीत आता दुसरा विषय नाही. इस्त्रीवाली रोज एक नवी शंका घेऊन येते. विमानात खिडकी उघडता येते का, वर थंडी किती, मध्ये उतरावंसं वाटलं तर? मी तिला म्हटलं, अडीच तासांत कसलं उतरावंसं वाटतंय. तिनं माझे सगळे कपडे फुकट इस्त्री केले, अगदी आतलेसुद्धा, आता ते घालायला मला संकोच वाटतो.

मास्तरांनी बाळाच्या झबल्यांना मऊ कापड दिलं, कापूनही दिलं. त्यांची काजं-बटणं मी वाटेत करणार. आधी दोनच झबली बरोबर घेणार होते. आता बारा घेतलीयत. हात रिकामा असलेला बरा नाही.

परवा फोनवर भिंगरी सांगत होती की परत जाताना तिनं विमानात तीन सिनेमे बघितले, मग झोपली, मग उठून चौथा अर्धा बघितला. हल्लीची पोरं फार भरभर बघतात. तुम्ही दोन वेळच्या जेवणाचं लिहिलंयत, खाऊ घालायचीही त्या लोकांना भलती घाई दिसते. असू दे. मी दोन्ही खाईन.

तुम्ही माझ्या तोंडाबद्दल लिहिलंत ते नीट वाचलं. तीनदा वाचलं. तोंड घेऊनच येते.

तुमची विहीण


२४ मार्च

विहीणबाई,

हे पत्र तुम्ही निघण्याआधी पोचेल की नाही, सांगता येत नाही. नाही पोचणार या भरवशावरच मी ते लिहायला बसलेय की काय, हेही सांगता येत नाही.

प्रवास अडीच तासांचा नाही. साडेअकरा तासांचा आहे. जातानाही तेवढाच आणि येतानाही तेवढाच. त्यात उतार नाही, चढ नाही, वाराही नाही. तिकिटावर निघायची वेळ तुमच्या घड्याळाची छापतात आणि उतरायची आमच्या. आमचं घड्याळ तुमच्या नऊ तास मागे, म्हणून जाताना नऊ तास कागदावरून गायब होतात आणि येताना तेच नऊ तास बोकांडी बसतात. भिंतीवर टांगलेलं नसलं तरी विमान आमच्या भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणेच उतरतं.

कुठल्या देशात आत्ता किती वाजलेत, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं. तुमच्या पहिल्या पत्रातली तिकिटाची ओळ वाचतानाच कळलं होतं. तरी मी गप्प बसले आणि वर सैल चपला घ्या म्हणून लिहिलं. कारण खरं सांगितलं असतं तर तुम्ही आला नसता, आणि मला तुम्ही यायला हव्या होत्या. लेकीसाठी म्हणते आहे, पण तेवढंच नाही.

रोज फोन उचलते. पण तो जावयांचा, ते घरी असतानाच, सगळ्यांसमोर लावावा लागतो. जावयांना कळलं की तुम्ही अडीच तास समजून निघालायत, तर ते तिकीट त्याच क्षणी रद्द करतील. बरोबरच आहे त्यांचं. चौथ्या तासाला वर आभाळात तुमचं गाठोडं झालं आणि तुम्हाला कळलं की अजून अर्धीही वाट झालेली नाही, तर काय, या विचारानं मला आठ दिवस जेवण जात नाही.

आता ठरवणं तुमच्याकडे. येऊ नका म्हणायला हवं, ते माझ्याच्यानं लिहवत नाही.

तुमची विहीण


२२ जून

विहीणबाई,

मला पोचवायला भिंगरीला घेऊन आलात, राहिलात, आणि परत जाताना तुमची टॅक्सी वळणावरून दिसेनाशी होते न होते, तोच कोण आली असेल? बरोबर. या खेपेला हातात टेबलक्लॉथ होता. तुमच्याबद्दल तिचं मत फार चांगलं झालंय, म्हणाली, तुमच्या विहीणबाई बोलतात कमी पण ऐकतात किती छान. मी म्हटलं, नोकरीच होती त्यांची.

भिंगरीनं जाताना मास्तरांच्या दुकानात सगळ्यांचे पाय मोजले. मास्तरांनी तिला जुनी टेप देऊन टाकली, ती तुमच्या पिशवीत आहे, विमानतळावर कुणी विचारलं असेल तर घाबरला नाहीत ना?

पण हे पत्र त्यासाठी नाही. आज मास्तर वर आले, चेहरा पार उतरलेला. बटणांच्या खणात तळाशी त्यांना तुमचं एक पाकीट सापडलं, चोवीस मार्चचं. मी निघाल्यावर आलं म्हणून त्यांनी जपून ठेवलं आणि इतकं जपलं की विसरूनच गेले. म्हणजे अडीच महिने ते तिथे पडून होतं, त्यातले तुम्ही इथे होतात ते दिवसही. त्या खणाशी बसून तुम्ही रोज मला बटणं निवडून देत होतात!

वाचलं. आता ऐका. मला माहीत होतं.

नऊ मार्चच्या पत्रात मी तीन सिनेम्यांचं लिहिलं होतं ना, ते लिहितानाच माहीत होतं. भिंगरीशी बोलून फोन ठेवला आणि सहज काज करायला बसले, आणि सुई मधेच थांबली. एक सिनेमा अडीच तासांचा, मग साडेतीन सिनेमे आणि वर झोप कुठल्या कापडात बसवायची? मग तुमचं दोन वेळचं जेवण आठवलं. सैल चपला आठवल्या. मग ते तुमचं भिंतीवरचं घड्याळ आठवलं, आणि मी एकटीच मोठ्यानं हसले. खालून मास्तरांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, उतार संपला. त्या दिवशी दोनाची बारा झबली झाली.

तुम्हाला कळवलं नाही, कारण तुम्ही लेकाला सांगितलं असतंत. निदान मला तसं वाटलं. आणि खरं म्हणजे मनानं मी केव्हाच पोचले होते, विहीणबाई. पोचलेल्या माणसाला परत कसं फिरवायचं? गल्लीला सांगून झालं होतं ते वेगळंच. इस्त्रीवालीच्या इस्त्रीचं काय केलं असतं?

विमानात माझी कात्री काढून घेतली, सुई राहू दिली. दोरा दातांनी तोडायचा, नवीन काय त्यात. शेजारी एक सुतार होता, दारं बसवायला परदेशी निघालेला, तुमच्या जावयाच्या वयाचा. त्याला मी आधीच सांगून ठेवलं की तीन तासांनंतर माझं गाठोडं होतं, घाबरायचं नाही. तो बिचारा दर थोड्या वेळानं विचारायचा, झालं का? झालं, एकदा, खोटं कशाला सांगू, पिशवीत. मग तोंड धुऊन येऊन बसले, तर पुढचं झबलं हातात होतं आणि पोट शांत. बसमध्ये रस्ता पोटात शिरतो. तिथे वर रस्ताच नव्हता. बारावं झबलं संपलं तरी विमान उडतच होतं, मग मी त्या सुताराच्या सदऱ्याचं एक सैल बटण पक्कं करून दिलं. दोन्ही जेवणं जेवले.

आणि खाली उतरले तर दाराशी तुम्ही. तुम्ही विचारलंत, प्रवास कसा झाला? मी म्हटलं, काय व्हायचंय, बसले आणि उतरले. तुम्ही फरशीकडे बघायला लागलात. तेव्हाच मला कळलं की यांच्या पोटात काहीतरी आहे. नीट काय ते आज कळलं. परत येताना बरोबर होतात तेव्हा मी मुद्दाम म्हणत होते, अगबाई, आता वीस तास कसे काढायचे, आणि तुम्ही प्रत्येक वेळी खिडकीबाहेर बघायचात. बाहेर नुसता ढग. मला इतकी मजा येत होती म्हणून सांगू.

सात एप्रिलला त्या बाकावर आपण बसलो होतो. सूनबाई आत, लेक दारापाशी येरझाऱ्या घालत होता, मी त्याला म्हटलं, अरे फरशी झिजेल, आणि तो हसला, आल्यापासून पहिल्यांदा. तुम्ही माझा हात धरला होतात, आणि समोरच्या घड्याळाकडे बघत तुम्ही म्हणालात,

"आलात ते फार बरं केलंत."

त्याचं उत्तर आता देते. तुम्ही खोटं बोललात ते फार बरं केलंत.

बाळ आलं, बाकी तुम्हाला ठाऊक आहे. पण तुम्ही तेव्हा दूध आणायला खाली गेला होतात म्हणून हे एक राहिलं. मी पलंगावर पाय लांब केले आणि बाळाला पायांवर निजवलं, पहिलं झबलं घालून, थोडं मोठंच झालं होतं. भिंगरी कंबरेवर हात ठेवून उभी. जरा वेळ बघितलं आणि रुसून म्हणाली, "हिला आजीचे पाय पहिल्या दिवशीच मिळाले." मग ती चढली आणि उरलेल्या जागेत बसली. माझे दोन्ही पाय मेले, मुंग्या आल्या, गुडघ्यातून कळ गेली. मी हलले नाही.

तर आता तुमचं ऐका. टॅक्सीत बसताना तुम्ही म्हणालात, डिसेंबरात सगळेच येऊ, पाचही जण, शनिवारी सकाळी उतरू. लेकानंही फोनवर हो म्हटलं, भिंगरीनं टेपची शपथ घेतली. मास्तरांनी दुकानातल्या कॅलेंडरवर त्यांच्या खडूनं गोल काढलाय आणि त्यावर टाचणीही टोचलीय, इस्त्रीवालीनं त्या दिवशी कुणाचे कपडे घ्यायचे नाहीत असं आत्ताच ठरवलंय. साडेअकरा तास मला आता तोंडपाठ आहेत. तरी कागदावर यायला वीस लागतात, तेव्हा जरा लवकर निघा.

शनिवार, बारा डिसेंबर, साडेअकराचं विमान.

तुमची विहीण